गोचिडीचा दंश, अनोळखी दुखणें आणि निदानाची वाट

गोचीड हा जीव आमच्या वाचकांस नवा नाहीं. गाईम्हशींच्या कासेवर, कानामागें किंवा शेपटीच्या बुडाशीं ती चिकटलेली दिसली कीं काढून टाकावयाची व गोठा झाडून घ्यावयाचा, इतकाच तिचा आपला परिचय. परंतु हा जीव माणसास चावला तर काय होऊं शकतें, आणि त्यापासून आलेल्या दुखण्याचें नांव रोग्यास व डॉक्टरास न कळल्यास घराचे कसे हाल होतात, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. अमेरिकेंतील एका गांवीं हा प्रश्न सुमारें ५० वर्षांपूर्वीं उभा राहिला, व तेथील एका गृहिणीच्या चिकाटीमुळें त्याचा उलगडा झाला. ती हकीकत शेतकरीवर्गास बोधप्रद वाटल्यावरून आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत कनेटिकट नांवाचें राज्य आहे. त्याच नांवाची नदी समुद्रास मिळते तेथें, तिच्या पूर्व तीरावर, लाइम हें गांव आहे. हा मुलूख एके काळीं शेतीचा होता. पुढें शेतकरी पश्चिमेकडील सुपीक जमिनीकडे निघून गेले, पडित शेतांत रान माजलें, रानांत हरणें वाढलीं, आणि रानाच्या कडेकडेनें लोकांनीं घरें बांधलीं. हरणांबरोबर त्यांच्या अंगावर पोसणारी गोचीडही माणसाच्या अंगणांत आली. या गोचिडीचें पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढें असतें. तें चावल्याचें बहुधा कळतही नाहीं.

लाइम येथें पॉली मरे या बाई राहत असत. १९६० नंतरच्या दशकांतच त्यांस दुखण्यानें घेरलें. कधीं अंगावर चट्टे उठत, कधीं डोकें दुखे, कधीं सांधे सुजत. पुढें यजमानांस व मुलांसही त्रास होऊं लागला. बाईंनीं एकामागून एक डॉक्टर केले; परंतु निश्चित असें कांहीं सांपडेना, आणि सांपडत नाहीं त्या अर्थीं दुखणें मनाचेंच असावें, असें त्यांस सुचविण्यांत आलें. शरीर दुखत असतां दुखणेंच खोटें ठरावें, यासारखा दुसरा जाच नाहीं. आपल्या खेड्यांतही अशा बाईस ‘हिला काम नको’ किंवा ‘हिला बाहेरचें झालें’ म्हणून गप्प बसविलें जातें, हें वाचकांनीं मनांत आणावें.

पॉलीबाई गप्प बसल्या नाहींत. दुखणें केव्हां सुरू झालें, चट्टा कोठें उठला, कोणता सांधा सुजला, याची त्यांनीं लेखी नोंद ठेवली. शेजारीं चौकशी करतां अनेक घरांतील मुलांचे गुडघे असेच सुजल्याचें कळलें. लहान मुलांचा संधिवात, असें त्यांचें निदान झालें होतें. पण तो रोग विरळा, व एकाचा दुसर्‍यास न लागणारा. मग एकाच रस्त्यावरील इतक्या मुलांस तो कसा व्हावा? १९७५ सालीं पॉलीबाईंनीं व दुसर्‍या एका मातेनें हाच प्रश्न राज्याच्या आरोग्यखात्यास विचारला, व त्याचा तपास येल विद्यापीठांतील तरुण डॉक्टर ॲलन स्टीअर यांनीं हातीं घेतला. पॉलीबाई त्यांस भेटल्या त्या आजारी शेजार्‍यांची यादी बरोबर घेऊनच.

लाइम, ओल्ड लाइम व ईस्ट हॅडम या तीन गांवांतून स्टीअर यांस ५१ रोगी आढळले. त्यांत ३९ मुलें होतीं. पुष्कळांचें दुखणें उन्हाळ्यांत किंवा त्याच्या शेवटीं सुरू झालेलें होतें. एका घरांतील माणसें निरनिराळ्या वर्षीं आजारी पडलीं होतीं. म्हणजे रोग एकाचा दुसर्‍यास लागत नसून बाहेरून येत होता. सुमारें चौथा हिस्सा रोग्यांस सांधे सुजण्यापूर्वीं कातडीवर पसरत जाणारा लाल चट्टा उठल्याचें आठवत होतें. पुढें असेंही दिसलें कीं, नदीच्या पूर्वेस रोगी पुष्कळ व गोचिडीही पुष्कळ. पश्चिमेस दोन्ही थोडीं. एका रोग्यानें तर चावलेली गोचीड जपून ठेवली होती. तिच्यावरून तिची जात ओळखतां आली. अखेर १९८१ सालीं विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांस या गोचिडीच्या पोटांत मळसूत्राच्या आकाराचे जंतु दिसले, व रोगाचें मूळ हातीं आलें. रोगास त्या गांवाचेंच नांव मिळालें.

आतां निदानाविषयीं. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत त्या जागीं लाल चट्टा उठतो व दिवसेंदिवस वाढत जातो. तो बहुधा दुखत नाहीं. म्हणून दुर्लक्षिला जातो. सांवळ्या कातडीवर त्याची लाली चटकन दिसतही नाहीं. ज्या प्रदेशांत हा रोग आहे तेथें असा चट्टा दिसल्यास रक्ताची वाट न पाहतां डॉक्टर औषध सुरू करतात. कारण रक्ताच्या तपासणींत जंतु दिसत नसून, जंतूंशीं झगडण्यासाठीं शरीरानें निर्माण केलेलीं प्रतिद्रव्यें दिसतात. आणि तीं तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात. उलट, रोग बरा झाल्यावरही तीं रक्तांत कित्येक वर्षें राहूं शकतात. म्हणून कागदावरील ‘नाहीं’ किंवा ‘आहे’ एवढ्यावर निकाल होत नाहीं. दंश, प्रदेश, काळ व लक्षणें हीं एकत्र ठेवून डॉक्टरास निर्णय करावा लागतो. आरंभीं १० ते १४ दिवसांचें जंतुनाशक औषध बहुधा पुरतें. सांधा सुजल्यावर तेंच २८ दिवस घ्यावें लागतें.

तज्ज्ञाकडे केव्हां जावें? तोंडाची एक बाजू लुळी पडली तर मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे, नाडी मंद होऊन घेरी आली तर हृदयाच्या तज्ज्ञाकडे, गुडघा वारंवार सुजला तर सांध्यांच्या तज्ज्ञाकडे, आणि निदानच लागत नसेल तर संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाकडे. परंतु येथें दुसर्‍या बाजूचाही धोका सांगणें आमचें कर्तव्य आहे. औषध घेतलेल्यांपैकीं कांहीं रोग्यांस थकवा व अंगदुखी पुढें महिनोन्महिने राहते. तें दुखणें खरें असतें. पण अशा निराश रोग्यांस महिनोन्महिने जंतुनाशक औषध देणारेही तेथें निघाले आहेत. २००१ सालीं अमेरिकेंत व २०१६ सालीं नेदरलंड्समध्यें झालेल्या पद्धतशीर प्रयोगांत अशा लांबलेल्या उपचाराचा लाभ दिसून आला नाहीं. शिरेंतून दीर्घकाळ औषध देण्यांत मात्र जिवास अपाय होण्याचा संभव असतो. ‘तुला कांहीं झालेंच नाहीं’ म्हणणारा व ‘माझेंच औषध वर्षभर घे’ म्हणणारा, हे दोघेही रोग्याचे सारखेच नुकसान करतात.

हें सर्व परदेशाचें झालें. आपणांस त्याचें काय? लाइमचा रोग आपल्याकडे क्वचितच नोंदला गेला आहे, व गुरांवरील आपली नेहमींची गोचीड त्या जातीची नव्हे. तेव्हां गुडघा दुखला कीं लाइम झाला असें कोणी मानूं नये. परंतु रानांतील दंशापासून होणारीं दुखणीं आपल्याही दारीं आहेत. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूर अरण्यालगत माकडें मरूं लागलीं व माणसें तापानें पडलीं. तो गोचिडीवाटें येणारा माकडताप २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत काजूच्या बागांपर्यंत पोंचला. तो विषाणूचा रोग असल्यामुळें त्यावर जंतुनाशक औषध चालत नाहीं. रोग्यास लवकर रुग्णालयांत नेणें हाच उपाय. उलट, गवतांतील बारीक किड्याच्या दंशानें होणारा स्क्रब टायफस, ज्याचे रोगी २०१८ सालीं नागपूर भागांत पुष्कळ निघाले, तो योग्य औषध वेळीं मिळाल्यास बहुधा बरा होतो. परंतु काखेंत किंवा जांघेंत उठलेली त्याची काळी खपली रोगी दाखवीत नाहीं, व ताप साधा समजून दिवस जातात.

म्हणून आमची वाचकांस सूचना अशी :—

१) रानांतून किंवा गवतांतून आल्यावर स्नानाच्या वेळीं काखा, जांघा, गुडघ्याची लवण व केसांची मुळें पाहावींत, मुलांचीं आईबापांनीं पाहावींत.

२) चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल किंवा विडीचा चटका यांच्या नादीं लागूं नये. ती बोटांनीं चिरडूंही नये. जागा साबणानें धुवावी व गोचीड बंद डबींत ठेवून डबीवर दिनांक लिहावा.

३) पुढील महिनाभर ताप, चट्टा, खपली किंवा सांध्याची सूज आल्यास दंशाचा दिवस व रानाची जागा डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. न विचारलेली गोष्ट डॉक्टरास कळत नाहीं.

४) आजूबाजूस माकडें मेलेलीं दिसल्यास, किंवा एका वाडींत अनेकांस सारखाच ताप आल्यास, आरोग्य केंद्रास त्याच दिवशीं कळवावें.

पाऊस, पेरणी व दुधाचा हिशेब आपण वहींत लिहितों. त्याच वहींत एक पान घरच्या माणसांच्या दुखण्यांसाठीं राखावें. लाइमच्या त्या गृहिणीजवळ वैद्यकीची पदवी नव्हती. लिहिलेली यादी होती, व तिच्याच आधारें शोधास तोंड फुटलें.