जुन्या सामानात चांदीची वीट मिळाली, आता विकायची कशी?

समजा, घाटकोपरला एका जुन्या सामानवाल्याकडून तुम्ही किलोभराची चांदीची वीट घेतली. वर 999 कोरलंय. म्हणजे शुद्ध? तसं नाही. शिक्का कुणीही मारू शकतो.

आधी घरीच वीट पाण्यात बुडवून बघा. 1 किलो शुद्ध चांदी साधारण 95 मिली पाणी सारते, तांबं 112 च्या आसपास. पण शिसं चांदीपेक्षा जड, त्यामुळं तांब्यात शिसं घालून हा हिशोब जुळवताही येतो. टंच काढायचं मशीनसुद्धा वरचाच थर वाचतं. म्हणून विटेला भोक पाडून आतला कीस तपासून घ्या. जीव खालीवर होतो, पण अशी वीट बहुतेकदा शेवटी गाळलीच जाते.

भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा बघा. तो जीएसटी सोडून असतो. सराफ त्यातून घट आणि गाळणी कापणार, म्हणून अंधेरीत एक आणि झवेरी बाजारात एक, असे दोन आकडे घ्याच.

खरी अडचण कागदाची. वीट चोरीची निघाली तर पोलीस ती जप्त करतात, तुमचे पैसेही गेले. त्यामुळं घेतानाच विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही घ्या. विकताना 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, रक्कम थेट बँकेत घ्या.