बरणीतले आंबणे कसे ओळखावे?

मनुकांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले बरणीत घालून, तोंड बांधून आंबवले की द्राक्षारिष्ट तयार होते. ते घरी करणाऱ्यापुढे खरा प्रश्न एकच असतो : आंबणे चालू आहे की संपले? घाईने घट्ट बूच मारावे तर वायू साठून बाटली फुटते. फार दिवस उघडे ठेवावे तर शिरका होतो.

जुने वैद्य बरणीला कान लावीत. आत सूं-सूं ऐकू आले की काम चालू. मग तोंडाशी पेटती काडी धरीत. काडी विझली तर आत कार्बन डायॉक्साइड भरलेला आहे, म्हणजे यीस्ट साखर खात आहे. ती जळत राहिली आणि फुलेही तळाशी बसली, तर अरिष्ट झाले. प्रयोगशाळा किती स्वस्तातली!

परंतु ही साक्ष नेहमीच पुरी पडत नाही. थंडीत यीस्ट मंदावते, आवाज बंद पडतो, साखर मात्र उरलेली असते. ऊब मिळताच पुन्हा आंबणे सुरू!

म्हणून घरी वाइन करणारे हायड्रोमीटर वापरतात. डेअरीतला लॅक्टोमीटर याच जातीचा. साखरेचे पाणी जड, अल्कोहोल हलके. त्यामुळे आंबणे पुढे जाईल तशी नळी अधिक बुडते. ताज्या द्राक्षरसात १.०८० च्या आसपास दिसणारा आकडा पूर्ण आंबल्यावर १.००० च्या किंचित खाली येतो. अरिष्टात गोडी मुद्दाम राखलेली असते, त्याला हा शेवटचा आकडा लावू नये. तेथे बरणी उबेला ठेवून आकडा लागोपाठ तीन दिवस हलत नाही, एवढे पाहावे. मगच बूच मारावे.