भोपाळची भित्तिचित्रे व चित्रप्रदर्शने

भोपाळची ओळख तलावांचे शहर म्हणून करून दिली जाते, आणि ती खोटी नाही. पाहुणे आले की त्यांना मोठा तलाव, ताजुल मसाजिद व सांची दाखवून आपण मोकळे होतो. परंतु ह्या शहराच्या भिंतींवर काय काढले आहे, ते कोणी काढले, आणि येथे वर्षभर भरणाऱ्या प्रदर्शनांत काय पाहावे, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले व नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर इकडून नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांची नातवंडे माझ्या वर्गात बसतात. चित्रे पाहावयास कोठे जावे असे विचारले, तर ती मुंबईचे नाव घेतात! म्हणून हा विषय निवडला आहे.

प्रथम भित्तिचित्र म्हणजे काय ते पाहू. केवळ मोठे चित्र म्हणजे भित्तिचित्र नव्हे. कागदावरचे चित्र गुंडाळून नेता येते, विकता येते, पेटीत ठेवता येते. भिंतीवरचे चित्र जागेला बांधलेले असते. त्या भिंतीचे जे होईल ते त्याचे होते. म्हणून कोणत्याही भित्तिचित्राविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात: ते टिकणार कसे, आणि ते कोणाचे?

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर आपल्या शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. भीमबेटका येथील शैलाश्रय १९५७ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आणणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमचला जन्मलेले व उज्जैनीस काम केलेले मराठी गृहस्थ होत. आगगाडीतून जात असता दूरच्या डोंगरावरील खडकांच्या ठेवणीने त्यांचे लक्ष वेधले, अशी हकीकत सांगतात. ते स्वतः चित्रकार होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटक्याचा जागतिक वारशात समावेश केला. तेथील चित्रे प्रामुख्याने लाल व पांढऱ्या रंगांत आहेत. लाल रंग गेरूचा. गेरू म्हणजे लोहाचा गंज मिसळलेली माती, आणि जे आधीच गंजून चुकले आहे त्याचे ऊन आणखी काय बिघडविणार? वर खडकाचे छप्पर असल्याने पाऊसही थेट लागत नाही. एवढ्या दोन कारणांनी ती चित्रे हजारो वर्षे राहिली. एकाच खडकावर एका काळच्या चित्रावर पुढच्या काळच्या लोकांनी खुशाल आपले चित्र काढलेले दिसते. जुने जपून ठेवावे ही आपली कल्पना त्यांना नसावी.

खेड्यांतील भिंतींची रीत निराळी. दिंडोरी-मंडला भागातील गोंड व परधान घरांत भिंत मातीने सारवून तिच्यावर छुई नावाची पांढरी माती, गेरू, पिवळी माती व काळा रंग यांनी आकृती काढतात. त्यांतील भौमितिक आकृत्यांना ढिगना म्हणतात. दिवाळी आली, घरात लग्न निघाले की जुने पुसून पुन्हा सारवावयाचे व पुन्हा काढावयाचे. ह्या भिंतीवरचे चित्र टिकत नाही हा त्याचा दोष नव्हे. ते दर वर्षी नवे होते, आणि काढणारा हात घरातच असतो, म्हणून खाली नाव लिहिण्याचे प्रयोजन पडत नाही.

झाबुआ-अलीराजपूरकडील भिल्लांचा पिठोरा हा तर नवसाचा भाग होय. नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर घोड्यांची मिरवणूक काढतात, आणि ती 'काढली' असे न म्हणता 'लिहिली' असे म्हणतात. तो लिहिण्याचा अधिकार परंपरेने पुरुषांचा. मला हा शब्द फार आवडतो. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जात असे. आमच्या घरी भिंतीवर माणसाची वा प्राण्याची तसबीर लावण्याची पद्धत नव्हती. बैठकीत सुलेखनाची एक चौकट असे व तिलाच आम्ही घराची शोभा समजत असू. भिंतीवर लिहिणे म्हणजे काय, हे त्यामुळे मला लहानपणापासून थोडेफार उमगत आले आहे.

आता शहराकडे वळू. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी श्यामला टेकडीवर भारत भवनाचे उद्घाटन तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी ही इमारत टेकडीच्या उतारात अशी बसविली आहे की रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या उतरत जावे तसतशी अंगणे, गच्च्या व समोर मोठा तलाव उलगडत जातो. तेथील 'रूपंकर' ह्या कलासंग्रहालयाची मांडणी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी केली. त्यांनी तरुण कलावंतांना गटागटांनी आदिवासी भागांत पाठविले व तेथील कलाकृती गोळा करून त्या शहरी चित्रकारांच्या कलाकृतींच्या शेजारी, त्याच मानाने ठेवल्या. तोपर्यंत आदिवासींचे काम मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात भांडीकुंडी व दागिने यांच्या रांगेत ठेवण्याचा प्रघात होता. आदिवासी चित्रकार हाही आपल्या काळाचा चित्रकार आहे, असे स्वामीनाथन यांचे म्हणणे. त्यावर वाद झाले, परंतु पुढच्या चाळीस वर्षांत भोपाळमध्ये जे घडले ते ह्या एका म्हणण्यातून घडले, असे माझे मत आहे.

ह्याच शोधात पाटणगढ ह्या गावी एका घराच्या भिंतीवरील काम पाहून ही मंडळी थबकली. ते काम जनगढ सिंह श्याम ह्या परधान तरुणाचे होते. परधान हे गोंडांचे भाट. 'बाना' हे तंतुवाद्य वाजवून यजमानांच्या घरी देवांच्या व राजांच्या कथा गाणे हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. यजमान कमी झाले, गाणे ओसरले, आणि जनगढने त्या गाण्यातले देव, झाडे व जनावरे रंगांत उतरविली. भोपाळला आल्यावर त्याला कागद व तयार रंग मिळाले. त्याने आकृतीच्या आतील जागा बारीक ठिपक्यांनी व रेघांनी भरण्याची जी रीत बसविली, तिला पुढे 'जनगढ कलम' असे नाव पडले. १९८६ मध्ये त्याला राज्याचा शिखर सन्मान मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. कोरियांनीच बांधलेल्या व १९९६ मध्ये उद्घाटन झालेल्या विधान भवनाच्या भिंतींवरही त्याने चित्रे काढली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयात कामासाठी गेला असता ऐन उमेदीत त्याने आपले जीवन संपविले. त्याच्यामागे आलेले भाऊबंद, पुतणे, सुना ह्या शहरातच राहिले. आज कोटरा भागात घरोघर ही कलम चालू आहे. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये व दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

जाता जाता एक गोष्ट. पाटणगढ पूर्वी मंडला जिल्ह्यात होते, दिंडोरी जिल्हा वेगळा झाला तो १९९८ मध्ये. त्याच जुन्या मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे १९२२ मध्ये सय्यद हैदर रझा जन्मले, नागपूर व मुंबई येथे शिकले, पॅरिसला राहिले आणि २०१६ मध्ये मंडल्याच्याच मातीत दफन झाले. एकाच जिल्ह्याने दोन टोकांचे असे दोन चित्रकार दिले, हे मुलांना नकाशावर दाखवावे.

भूरीबाईंची हकीकत ह्याहून साधी व मला अधिक जवळची वाटते. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावची ही भिल्ल स्त्री भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती. मजुरी दिवसाला सहा रुपये. स्वामीनाथन यांनी तिला, तुमच्याकडे भिंतीवर काढतात तसे काही काढून दाखव, असे म्हटले. त्या चित्रांपासून तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले व २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. श्यामला टेकडीवरच २०१३ मध्ये जनजातीय संग्रहालय सुरू झाले आहे. तेथे भूरीबाईंनी सुमारे ७० फूट लांबीच्या भिंतीवर आपले सारे आयुष्य रंगविले आहे. वाचकांनी मुलांना तेथे न्यावे, आणि भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश चालावे. घाई केल्यास ते नुसते रंगीबेरंगी दिसते.

प्रदर्शनांविषयी थोडे सांगतो. जनजातीय संग्रहालयात 'शलाका' नावाने दर महिन्यास एका आदिवासी चित्रकाराचे प्रदर्शन भरते व चित्रे विकतही मिळतात. तलावाकाठच्या, कुदसिया बेगमांनी १८२० मध्ये बांधलेल्या गोहर महालात हस्तकलेची प्रदर्शने भरत आली आहेत. भारत भवनात तर छापचित्रांची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनेही झाली. भारत भवन व जनजातीय संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे. प्रदर्शनात गेल्यावर पुष्कळ लोक पाटी वाचतात, चित्राकडे ओझरते पाहतात आणि पुढे सरकतात. त्याऐवजी दोनच चित्रे निवडावीत, व चित्रकार हजर असल्यास हे झाड कोणते, ह्या जनावराच्या पोटात हे दुसरे काय आहे, असे विचारावे. बहुधा एक गोष्टच ऐकावयास मिळते.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सारे लिहीत आहे तो. गेल्या दहा-बारा वर्षांत स्वच्छतेच्या मोहिमेबरोबर शहरातील संरक्षक भिंती, पुलांचे खांब, शाळांची आवारे चित्रांनी रंगविण्याची चाल पडली. कचऱ्यापेक्षा चित्र बरे, ह्याबद्दल वाद नाही. परंतु त्यांतील पुष्कळ हरणे, मोर व झाडे गोंड धर्तीची असली तरी गोंड हातांची नाहीत. चौरस फुटाच्या दराने काम घेणारा रंगारी छापील चित्र समोर ठेवून ठिपके मारीत जातो. महाराष्ट्रात वारली चित्रांचे हेच झाले आहे. हॉटेलापासून पडद्यापर्यंत तारपा वाजविणारा माणूस दिसतो, काढणारा वारली मात्र दिसत नाही.

ह्यात बिघडले काय, असे एका सहकाऱ्यांनी मला विचारले. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका गोंड चित्रकाराचा मुलगा होता. सहलीहून परतताना रस्त्याकडेच्या एका भिंतीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हे भरण आमच्या बाबांचे आहे." मी विचारले, बाबांनी रंगविले का? तो म्हणाला, "नाही. कोणीतरी त्यांचे घेतले." तेव्हा मला समजले की ह्या चित्रकारांत प्रत्येकाचे आकृती भरण्याचे चिन्ह निराळे असते: कोणाचे बियांसारखे, कोणाचे अर्धचंद्रांचे, कोणाचे साखळीचे. तीच त्याची सही. ज्याला आपण नक्षी समजतो ती दुसऱ्याची सही गिरविलेली असते, आणि खाली नाव कोणाचेच नसते.

कायदा येथे किती उपयोगी पडतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम असे सांगते की कलाकृती विकली तरी ती माझी आहे असे म्हणण्याचा व तिची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा कर्त्याचा हक्क उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे कांस्याचे प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांस परत द्यावेत व सरकारने पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल दिला. परंतु कॉपीराइट एका विशिष्ट चित्राचा असतो, शैलीचा नसतो. २०२३ मध्ये गोंड चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने 'गोंड चित्र' हे नाव वापरण्यावर बंधन येते. एका माणसाचे भरण त्यानेही राखले जात नाही. तेथे काम देणाऱ्याची नीतीच उपयोगी पडते.

कोणी काम न देता रंगविलेल्या भिंतीही ह्या शहरात आहेत. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्याच्या आवाराच्या भिंतींवर पीडितांनी व त्यांच्या सोबत्यांनी वेळोवेळी घोषणा व चित्रे रंगविली. समोर रूथ वॉटरमन ह्या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये घडविलेली, लेकराला कवटाळलेल्या आईची मूर्ती उभी आहे. त्या भिंतीवरील चित्रांना सुबक म्हणता येणार नाही. ती तशी असण्याची गरजही नव्हती.

आपल्यापैकी कोणास शाळेची, सोसायटीची वा सभागृहाची भिंत रंगवून घ्यावयाची असल्यास अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवतो. काम दसऱ्यानंतर काढावे. पावसाळ्यात भिंतीने ओल धरलेली असते, आणि ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते व रंगाचे पापुद्रे सुटतात. नवा गिलावा असल्यास निदान महिनाभर वाळू द्यावा. जुना सुटा चुना खरवडून काढून अस्तर दिल्यावाचून वरचा रंग कितीही महागाचा असला तरी राहत नाही, विशेषतः जमिनीलगतच्या दोन फुटांत. चित्रकाराशी मोबदला फुटावर न ठरविता कामावर ठरवावा, व दोन वर्षांनी खालचा भाग पुन्हा रंगविण्याचे पैसे त्यातच धरावेत. विषय त्याच्यावर सोपवावा. आमच्या शाळेत मोर हवा असा आग्रह धरणारे होते, चित्रकाराने महुआचे झाड काढले, आणि मुले मधल्या सुटीत त्याच्याखालीच जमतात. आणि कोपऱ्यात चित्रकाराचे नाव, गाव व साल त्याच्याच हाताने, वाचता येईल अशा अक्षरांत लिहून घ्यावे.