कांचेंतलें जाळें

होडी परतण्यास उशीर झाला कीं मालवणच्या किनाऱ्यावर घरचीं माणसें 'रेंज' सांपडावी म्हणून फोन डोक्यावर उंच धरून वाळूंतून फिरतांना आम्हीं पाहिलीं आहेत. अशा वेळीं फोनमधील अँटेना म्हणजे जिवाभावाची दोरीच होय.

रेडिओच्या काळीं आढ्यापासून माडापर्यंत तार ताणून एरियल बांधीत. तें सर्वांस दिसे. आतां तें फोनच्या कांचेंत अदृश्य होऊं पाहत आहे. २६ किंवा २८ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी एका सेंटिमीटरास किंचित् अधिक असते. अशाच आंखूड लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास केले होते. या लहरी विपुल मजकूर वाहून नेतात. परंतु हाताचा पंजा आड आला तरी अडतात. फोनच्या कडा मुठींत झांकल्या जातात. उघडी राहते ती पुढची कांच. म्हणून तिच्यांतच अँटेना बसवावी, ही कल्पना दक्षिण कोरियांतील पोहांग येथील संशोधकांनीं २०१९ सालीं सप्रयोग मांडली.

धातु पारदर्शक कसा व्हावा? कोळ्याच्या जाळ्यांतून पाणी निघून जातें, मासा अडकतो; तसेंच हें. केसाहून कितीतरी बारीक तारांची जाळी कांचेवर उठवितात. प्रकाशाच्या अतिसूक्ष्म लहरी तिच्या भोकांतून सहज पार होतात. सेंटिमीटरभर लहरीस मात्र ती सलग पत्र्यासारखीच भासते. परंतु बारीक तारांत कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते आणि पडद्यामागील धातूचे थरही विघ्न आणितात.

मग मालवणास याचा लाभ किती? जांभ्याच्या जाड भिंती, माडांची राई आणि आषाढांतला मुसळधार पाऊस यांपुढें ही आंखूड लहर दुबळी ठरते. तिचें खरें क्षेत्र शहरांतील गर्दीचें. २०२२ च्या लिलावांत सरकारनें २६ गिगाहर्ट्झबरोबर ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही विकला. त्याची लहर जवळजवळ हातभर लांब. ती दूरवर पोंचते. किनाऱ्याची सखी तीच.

तरीही मनोऱ्यास वीज नसेल तर लांब लहर काय आणि आंखूड काय, दोन्ही मुक्याच! मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळानें या जिल्ह्यास हें चांगलेंच शिकविलें. कांचेंतल्या जाळ्याचें आम्ही मनापासून कौतुक करितों; परंतु वाळूंत उभ्या असलेल्या त्या माउलीस आधीं हवा आहे तो वादळांतही जागा राहणारा मनोरा.