मंत्रचळ

सोवळ्यातल्या आजीबाई दहादा हात धुऊ लागल्या, की ‘मंत्रचळ लागला’ म्हणून आपण हसतो. डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात, त्या आजाराला मराठीत हाच शब्द आहे. मला तो झाला होता, म्हणून हे चार शब्द.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान हेच मुख्य पीक. घरी फवारणी चालू होती. पंपाला मी हातही लावला नव्हता. तरी औषध माझ्या बोटांना लागले असेल आणि माझ्या हातचे जेवून धाकटा भाऊ दगावेल, हा विचार मनात शिरला तो निघेना. विचार खोटा आहे हे कळत होते. (बहुतेक रोग्यांना ते कळत असते, हे वेड नव्हे.) बोअरिंगवर चाळीस-चाळीस मिनिटे हात धुवायचो. कातडी फुटली. पहिल्या डॉक्टरांनी ‘मन घट्ट करा’ म्हणत ताकदीच्या गोळ्या दिल्या! पुढे रेल्वेने नागपूर गाठले, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ भेटले.

त्यांनी फ्लुओक्सेटिन सुरू केले. या आजारात गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगितले ते बरे. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या. खरा कस लागला तो दुसऱ्या उपचारात. त्याची वाट १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दाखवली. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे, आणि धुवायचे नाही. धुतल्याने घटकाभर सुटका होते. पण मन समजते, धुतले म्हणूनच वाचलो. न धुता बसले तर भीती चढते आणि बहुधा आपोआप उतरते. भीतींना शंभरपैकी गुण देऊन यादी केली : औषधाच्या खोलीची कडी तीस, भावाचे ताट नव्वद.

आईचे काम याहून अवघड. ‘माझे हात स्वच्छ आहेत ना?’ असे मी दिवसातून पन्नासदा विचारी, आणि ती पन्नासदा ‘हो रे बाबा’ म्हणे. डॉक्टरांनी तेही थांबवले. तो दिलासा म्हणजे दुसरे धुणेच. पहिल्या रात्री ती चुलीकडे तोंड करून बसली, उत्तर दिले नाही. मी रडलो, तीही रडली असावी.

होळीच्या सुमारास, सर्वांप्रमाणे एकदाच हात धुऊन, मी भावाला भात वाढला. त्याला काहीच कळले नाही. त्याने आणखी मागितला. विचार आजही येतो, आणि जातो.

कुणाला विचारायचे असेल तर मी दुपारी वाचनालयात असतो. २०२२ पासून १४४१६ या टेलिमानस क्रमांकावरही मोफत बोलता येते, मराठीतून.