पुडीतला ओरेगॅनो आणि गजऱ्यातला मरवा

पिझ्झा संपतो, पण त्याच्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या संपत नाहीत. बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या घरी फ्रिजच्या दारात अशा वीसेक पुड्या साठल्यात. परवा भाचीने त्यातली एक फोडली, चुरा तळहातावर चोळून हुंगला आणि म्हणाली, "मावशी, हा तर ओवा!"

ओवा नव्हता तो. पण तिचं नाक खोटंही बोलत नव्हतं. कसं, ते सांगते.

आधी तिला गॅलरीत नेलं. तिथे माझ्या तीन कुंड्या आहेत: तुळस, पानओवा आणि मरवा. पानओवा म्हणजे ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी होतात तो. शेजारच्या काकी त्याला 'अजमानां पान' म्हणतात. मरवा तुम्ही गजऱ्यात पाहिला असेल, बारीक करडी-हिरवी पानं आणि गोडसर वास. भाचीला म्हटलं, डोळे मीट आणि तिन्ही झाडांच्या कोवळ्या काड्या चिमटीत धरून हळूच फिरव.

"मावशी, काडीला कोपरे आहेत!"

आहेतच. काडी गोल नाही, चौकोनी आहे. पानओव्याची जरा गुबगुबीत, म्हणून तिचे कोपरे बोथट लागतात. आता पानं बघा. ती जोडीजोडीने समोरासमोर येतात. एक जोडी पूर्व-पश्चिम असेल, तर तिच्या वरची दक्षिण-उत्तर. अशाने वरच्या पानाची सावली लगेच खालच्या पानावर पडत नाही. चौकोनी काडी आणि समोरासमोर पानं, ही तुळशीच्या कुळाची ओळख. पुदिना याच कुळातला, फालुद्यातला सब्जाही याच कुळातला. आणि पुडीतला ओरेगॅनोसुद्धा!

त्यातही ओरेगॅनो आणि मरवा फारच जवळचे. दोघांचं आडनाव एकच, ओरिगॅनम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली त्यांची नावं नोंदवली: ओरेगॅनो तो ओरिगॅनम व्हल्गेर आणि मरवा तो ओरिगॅनम मेजोराना. मरव्याचं मूळ घर सायप्रस-तुर्कस्तानकडे. ओरेगॅनोला मात्र आपण उगाच परदेशी समजतो. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर तो आपला आपण उगवतो.

आता वासाकडे येऊ. मरव्याचं पान भिंगाखाली धरलंत तर बारीक चकचकीत ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. झाड हे अत्तर आपल्यासाठी बनवत नाही बरं का! पानं कुरतडणाऱ्या किड्यांना आणि बुरशीला दूर ठेवायला ते तेल असतं. पान वाळलं की पाणी उडतं, पण तेल बरंचसं पिशवीत बंद राहतं. म्हणून तर पुडीतला सुकलेला चुराही चोळल्यावर घमघमतो.

ओरेगॅनोच्या तेलात असतं कार्व्हाक्रॉल. ओव्यात असतं थायमॉल. दोन्हींत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 14 आणि ऑक्सिजनचा 1 अणू. मग फरक कुठे? अणूंच्या मांडणीत. सहा मुलं हात धरून गोल उभी आहेत असं समजा. एकाच्या डोक्यावर छोटी टोपी, त्याच्या बरोब्बर समोरच्याच्या डोक्यावर मोठा फेटा. तिसऱ्या एकाच्या हातात तांब्या. तांब्यावाला टोपीवाल्याशेजारी उभा राहिला की झालं कार्व्हाक्रॉल. फेटेवाल्याशेजारी गेला की थायमॉल. बस्स, एवढीच अदलाबदल! भाचीचं नाक फसलं ते इथे.

गंमत म्हणजे ओवा तुळशीच्या कुळातलाच नाही, तो कोथिंबिरीच्या कुळातला. मेक्सिकोत ओरेगॅनो म्हणून जे विकतात, ते झाड तर तिसऱ्याच कुळातलं, आपल्या रस्त्याकडेच्या घाणेरीचं भाऊबंद. आणि पानओव्यालाही कित्येक देशांत ओरेगॅनोच म्हणतात. माझं तर मत झालंय, ओरेगॅनो हे झाडाचं नाव कमी आणि वासाचं नाव जास्त आहे. मरवा सख्खा भाऊ असूनही त्याच्यात कार्व्हाक्रॉल जवळजवळ नसतंच, म्हणून तो पिझ्झावर कमी आणि गजऱ्यात जास्त शोभतो.

जाता जाता, गजऱ्यात मरव्याशेजारी बसणारा दवणा त्याचा नातलग वाटतो ना? मुळीच नाही. तो शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातला.

मरवा लावायचा असेल तर दिवाळीनंतर लावा. हे कोरड्या डोंगरातलं झाड, त्याला ऊन हवं आणि मुळाशी साचलेलं पाणी अजिबात नको. बडोद्याच्या पावसाने माझे दोन मरवे कुजवले, तिसरा आता छपराखाली आहे.

आणि मरवा नसला तरी तुळस असेलच. तिची वाळलेली मंजिरी घ्या, एकाच फुलाचं टोपण नखाने सोडवा आणि पांढऱ्या कागदावर झटका. या कुळात एका फुलाला जास्तीत जास्त चार बिया धरतात. तीन सापडल्या तर एखादी आधीच सांडली असेल. पाच निघाल्या तर मात्र मला ताबडतोब कळवा!