बजेटमधला बास!

‘‘काय वाजायलंय हे? ताटलीवर चमचा आपटल्यावानी!’’

अण्णांचा हा शेरा ऐकला आणि माझा चेहराच पडला. प्रसंग पालमचा. गंगाखेडहून लोह्याकडे जाताना लागणारं, परभणी जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. दिवाळीची सुट्टी, घरात आलेला नवाकोरा कॉम्प्युटर आणि त्यावर मी मोठ्या हौसेनं लावलेलं एक रेकॉर्डिंग. आमच्या आबांचं, म्हणजे अण्णांच्या वडिलांचं. गावातल्या सप्त्यात आबा पखवाज वाजवायचे. एका वर्षी माईकवाल्यानं अ‍ॅम्प्लिफायरवरून थेट डेकला वायर जोडून त्यांना एक कॅसेट भरून दिली होती. पुढे आबा गेले, डेक बिघडला, कॅसेट मात्र कपाटात राहिली. पुण्यातल्या एका मित्राच्या मदतीनं मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि अण्णांना सरप्राइज द्यायला पालम गाठलं.

टाळ छान ऐकू येत होते. अभंगाचे शब्द कळत होते. पखवाजाच्या उजव्या बाजूची खणखणीत थापही येत होती. पण डावा हात? गायब!

पखवाज ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. कातडं जड झालं की ते सावकाश थरथरतं आणि आवाज खाली उतरतो. ती खोल धूम म्हणजेच आपल्या भाषेत बास! आणि आमच्या स्पीकरमधून नेमका तोच येत नव्हता. ‘‘आबाचा डावा हात कुठं गेला?’’ अण्णांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता गंमत अशी, की हे स्पीकर मीच घेतलेले. खोक्यावर झगमगीत अक्षरात लिहिलेलं : ‘४००० वॅट’! दुकानदारानं तर ‘‘मॅडम, शेजारी तक्रार करतील बघा’’ असंही ऐकवलं होतं. शेजाऱ्यांचं सोडा, घरातल्या माणसांनीच तक्रार केली!

मग काय, चार दिवसांची सुट्टी संपवून पुण्यात परतले आणि ‘स्वस्तात मस्त बास’ या विषयात अक्षरशः डोकं घातलं. तपकीर गल्लीत चकरा मारल्या, रिपेअरवाल्यांना पिडलं, मित्रांचे सेट ऐकले. तुम्हीही घरच्या कॉम्प्युटरसाठी स्पीकर घेणार असाल, तर माझ्या फजितीचा तुम्हाला फायदा होऊ द्या.

४००० वॅटचं गौडबंगाल

सगळ्यात आधी ती खोक्यावरची वॅट विसरा. बऱ्याच स्वस्त सेटवर लिहिलेला आकडा असतो ‘पीएमपीओ’चा. म्हणजे क्षणभरासाठी, कल्पनेतल्या सगळ्यात अनुकूल परिस्थितीत, फार फार तर किती ताकद निघेल याचा अंदाज. तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य माप नाही. त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो छापा!

खरा आकडा असतो ‘आरएमएस’चा. सेट न थकता सलग किती ताकद देऊ शकतो, ते हा सांगतो. खोक्यावर तो सापडला नाही तर एक सोपी युक्ती आहे. सेटचा अ‍ॅडाप्टर उलटा करून त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा आणि दोघांचा गुणाकार करा. माझ्या ‘४००० वॅट’वाल्या सेटचा अ‍ॅडाप्टर निघाला ९ व्होल्ट, १ अँपिअरचा. म्हणजे ९ वॅट! आत नऊ जात असतील तर बाहेर सलग चार हजार कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून?

नुसत्या यूएसबी वायरवर चालणाऱ्या गोंडस स्पीकरनाही हाच हिशोब लावा. कॉम्प्युटरचा साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. ऑफिसच्या टेबलावर व्हिडिओ कॉल घ्यायला झकास. पखवाजासाठी नाही.

तुलनेसाठी, लॉजिटेकच्या ‘झेड ३१३’ या छोट्या २.१ सेटची अधिकृत ताकद २५ वॅट आरएमएस आणि एडिफायरच्या ‘आर १२८० टी’ या दोन स्पीकरच्या जोडीची ४२ वॅट आरएमएस. आकडे दिसायला किरकोळ, पण प्रामाणिक! दहा बाय दहाच्या खोलीला २० ते ४० वॅट आरएमएस पुष्कळ होतात. आणि हो, वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो असं समजू नका. दुप्पट वॅटला आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट!

बास म्हणजे हवा

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. यातला तळाचा, साधारण २५० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे बास. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. हे आवाज काढायचे तर स्पीकरच्या पडद्याला भरपूर हवा ढकलावी लागते. किती भरपूर? १०० हर्ट्झचा आवाज जेवढा मोठा ऐकू येतो, तेवढ्याच जोराचा ५० हर्ट्झचा आवाज काढायला चौपट हवा हलवावी लागते. त्यात आपला कान खालच्या सुरांना मुळातच थोडा बहिरा, म्हणजे मेहनत आणखी वाढली.

दोन इंचांचा इवलासा पडदा हे करणार कसं? पडद्याचा व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणूनच बाससाठी वॅटच्या आधी इंच विचारा. दुकानदार ‘‘मॅडम, बास भारी आहे’’ म्हणाला, की शांतपणे विचारायचं, ‘‘वूफर किती इंची?’’ समोरच्याचा सूर लगेच बदलतो, स्वानुभव आहे!

मग मोबाइलवर गाणं ऐकताना बास आहे असं वाटतं ते का? ती आपल्या मेंदूची करामत. खालचा मूळ सूर ऐकू आला नाही तरी त्याच्या वरच्या सुरांवरून मेंदू तो भरून काढतो. चाल कळते, ठेका कळतो, पण छातीत काही होत नाही. आणि पखवाज हे छातीनं ऐकायचं वाद्य आहे.

लहान, खोल, जोरात : यातलं काहीही दोन

स्पीकर बनवणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. छोटं खोकं, खोल बास आणि मोठा आवाज या तीनपैकी दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. तिन्हीचं आश्वासन देणारी जाहिरात दिसली तर पान उलटा.

म्हणून घरच्या कॉम्प्युटरसाठी दोनच सरळ रस्ते उरतात. पहिला, २.१ : टेबलावर दोन छोटे स्पीकर आणि खाली जमिनीवर सबवूफरचं वेगळं खोकं. खालचे सूर कुठून येतात ते कानाला नीट ओळखता येत नाही, त्यामुळे खोकं टेबलाखाली दडवलं तरी चालतं. कमी पैशात छातीत धडधड हवी असेल तर हाच.

दुसरा, २.० : चार-पाच इंची वूफरचे दोन दणकट, लाकडी खोक्यांचे स्पीकर. बास तितका खोल जात नाही, पण जेवढा येतो तेवढा नेटका आणि स्वच्छ येतो. गळा, सतार, टाळ यांच्यासाठी हा जास्त चांगला.

५.१ चा मोह शक्यतो टाळा. तेवढ्याच पैशात पाच स्पीकर आणि एक वूफर बसवायचा म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? शिवाय स्टिरिओ गाण्याला त्यातले मागचे दोन बिचारे उगाचच असतात.

खोकं नेहमी लाकडी किंवा एमडीएफचं बघा आणि बोटानं ठोकून पाहा. पोकळ ‘टक टक’ आली तर गाण्यातही तीच येणार. पुढे किंवा मागे गोल भोक असेल तर घाबरू नका. आतली हवा त्या भोकातून थरथरत बासला हातभार लावते. फक्त स्वस्त सेटमध्ये आवाज वाढवला की तिथून फुरफुर ऐकू येते, तेवढं तपासा. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असं छापलेलं असेल आणि पुढे ‘±३ डेसिबल’ नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

खोली पण वाजते, राव!

मी शेवटी साडेसहा इंची वूफरचा एक २.१ सेट घेतला. ब्रँड सांगत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत मॉडेल बदललेलं असेल. तो घेऊन ट्रेननं गंगाखेड, तिथून एसटीनं पालम. मांडीवर सबवूफरचं खोकं! शेजारच्या आजींनी विचारलंच, ‘‘लेकी, मिक्सर घेतलास का?’’

घरी जोडला आणि पहिला धक्का बसला. गाण्याआधीच ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज! सेट खराब नव्हता. घराच्या जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नव्हतं आणि विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट नवा वूफर इमानदारीनं ऐकवत होता. आधीच्या डबड्यात तो कळायचाही नाही. वायरमनकडून अर्थिंग करून घेतलं, कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावले, तेव्हा कुठे शांतता झाली. गावाकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर किंवा यूपीएसचा खर्च बजेटमध्ये धरूनच चला.

दुसरा धक्का, बास आता जास्तच! आमची ती खोली जुनी, माळवदाची, जाडजूड भिंतींची आणि नेमकी दहा बाय दहा. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये आपटून घुमतो आणि खोली चौरस असेल तर दोन्ही बाजूंनी तोच घुमतो. त्यात मी वूफर कोपऱ्यात ठेवलेला, आणि कोपऱ्यात बास आणखी फुगतो. बाहेरच्या पडवीचे पत्रे थरथरायला लागले.

यावर उपाय फुकटचा आहे, फक्त लाज सोडावी लागते. आपण जिथे बसतो त्या खुर्चीवर सबवूफर ठेवायचा, बासवालं गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे बास नेटका ऐकू येईल तिथे वूफरची जागा. मी रांगतेय आणि अण्णा दारात उभे राहून हसतायत, हे दृश्य शेजारच्या काकूंनीही पाहिलं. जागा सापडली ती खिडकीखाली, कोपऱ्यापासून दोनेक हातांवर. मग बासचं बटण निम्म्याच्या खाली आणलं.

फ्लॅटवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. गळ्याचा आवाज भिंत अडवते, बास मात्र भिंतीतून आणि स्लॅबमधून पलीकडे जातो. वूफरखाली जाड रबर किंवा फोमचा तुकडा टाका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आणि स्वतःच्या कानांचं काय? ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चारच तास.

दुकानात जाताना

* ओळखीचं गाणं पेन ड्राइव्हवर स्वतःचंच घेऊन जा. दुकानातलं ‘डेमो’ गाणं दुकानदाराच्या सोयीचं असतं.
* बास, ट्रेबल मध्यावर ठेवून ऐका. मग आवाज पाऊणपर्यंत वाढवा. फाटला तर नको.
* लागोपाठ वाजणाऱ्या थापा वेगवेगळ्या ऐकू येतायत ना, ते बघा. सगळ्यांची मिळून एकच ‘बूंऽऽ’ होत असेल तर तो बास नाही, गोंगाट आहे.
* कॉम्प्युटरला वायरनंच जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो, सिनेमात ओठ आणि शब्द जुळत नाहीत.
* बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या जवळपास आहे का, ते विचारा. माझ्या पहिल्या सेटचं नव्हतं.

आणि आबा?

त्या रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा तेच रेकॉर्डिंग लावलं. अण्णा खुर्चीवर, आई दाराशी, मी माऊस धरून. टाळ सुरू झाले, अभंग सुरू झाला आणि मग खालून, जमिनीतून आल्यासारखी, ती धूम आली. एकेक थाप वेगळी. अण्णांनी मान हलवली नाही की काही बोलले नाहीत. फक्त त्यांचा डावा हात मांडीवर पडायला लागला, बरोबर समेवर.

गाणं संपल्यावर म्हणाले, ‘‘म्हातारा तिसऱ्या कडव्याला नेहमी घाई करायचा. इथंबी केलीच की!’’

मग जरा थांबून, ‘‘पुन्यांदा लाव.’’